वाचकाचे अश्रु

आम्ही टीकाकार नव्हों. साहित्यशास्त्राचें आमचें ज्ञान महाविद्यालयांत दोन वर्षें बसून जेवढें अंगास लागतें तेवढेंच, आणि तेंही पुढें कचेरीच्या कागदांखालीं दडपून गेलेलें. कादंबरी आम्ही वाचतों ती जेवणानंतर अर्धा तास, झोंप येईपर्यंत. परंतु गेल्या पावसाळ्यांत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय मुरगळून आम्हांस दीड महिना अंथरुणास खिळून राहावें लागलें, तेव्हां आमच्या पुतणीनें जवळच्या वाचनालयांतून एकामागून एक लठ्ठ कादंबऱ्या आणून उशाशीं रचल्या. 'मृत्युंजय', 'स्वामी', 'ययाति', 'मंत्रावेगळा'. ज्यांचीं नांवें सर्वांस ठाऊक असतात, ज्या बक्षिसादाखल व आहेरादाखल दिल्या जातात, आणि ज्या वाचल्या नाहींत असें सांगावयास सुशिक्षित माणसास थोडा संकोच वाटतो, अशाच त्या होत्या. कांहीं आम्हीं तरुणपणीं वाचलेल्या, कांहीं वाचल्याचें केवळ सोंग केलेल्या. उताणें पडून 'मृत्युंजय' वाचणें हा एक व्यायामच आहे. डुलकी लागली तर ग्रंथ छातीवर आदळून माणूस जागा होतो, हा त्याचा एक गुण अद्याप कोणा टीकाकारानें नमूद केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

'मृत्युंजय'ची ही आमची तिसरी खेप. तरीही शेवटच्या पानांत आम्हांस रडूं आलें. पुतणीनें विचारलें, "काका, कशी वाटली?" आम्हीं म्हटलें, "फार आवडली." ती हंसून निघून गेली, पण आमचा तो शब्द मात्र खोलींत मागें राहिला. आवडली म्हणजे काय झालें?

वांग्याची भाजी आवडली असें म्हणणारावर कसलीच जबाबदारी येत नाहीं. वांगें कोणाची बाजू घ्या असें सांगत नाहीं. कादंबरी मात्र पहिल्या पानापासून आपणांस कोणाच्या तरी शेजारीं नेऊन बसविते, आणि एकदां तेथें बसल्यावर दुसऱ्या कोणाकडे तरी आपली पाठ होतेच. लोकप्रिय कादंबऱ्यांविषयीं टीकाकार आणि सामान्य वाचक यांचे जे तंटे चालतात ते आम्हांस या कारणानें चुकीच्या जागीं चाललेले वाटतात. टीकाकार म्हणतो, भाषा अलंकारांनीं ओथंबली आहे. वाचक म्हणतो, असेल, पण आम्हांस रडूं आलें. दोघेही खरें बोलतात. विचारावयाचें राहून जातें तें इतकेंच कीं, रडूं कोणासाठीं आलें, आणि त्या वेळीं पाठ कोणाकडे होती?

शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती कथा येते. कवचकुंडलें घेऊन जन्मलेला, सूताघरीं वाढलेला, पदोपदीं कुळावरून हिणवला गेलेला, मागेल त्यास देणारा आणि देतांना आपला जीव जातो हें ठाऊक असूनही देणारा असा हा पुरुष. त्याच्या अपमानाचें प्रत्येक पान वाचतांना वाचकास स्वतःच्या अपमानांची आठवण होते. वरिष्ठांनीं डावलल्याची, श्रीमंत नातलगांच्या पंगतींत शेवटच्या पाटावर बसविल्याची. मध्यमवर्गीय माणसास कर्ण आवडतो याचें कारण त्याचें शौर्य नव्हे; शौर्याशीं आमचा संबंध बेताचाच. आपली योग्यता जगानें ओळखली नाहीं ही जी प्रत्येकाच्या मनांतली गुप्त तक्रार, तिला कर्णाच्या रूपानें राजवस्त्रें मिळतात.

आतां मूळ महाभारताच्या सभापर्वांतला द्यूताचा प्रसंग पाहावा. द्रौपदी भर सभेपुढें एक प्रश्न मांडते, आणि तो एखाद्या निष्णात वकिलानें मांडावा तसा मांडते: धर्मराज आधीं स्वतःस हरला असेल, तर मला पणास लावण्याचा अधिकार त्यास उरला कोठें? भीष्मासारखा भीष्म धर्माची गति सूक्ष्म आहे म्हणून हात झाडून मोकळा होतो. कौरव भावांपैकीं एकटा विकर्ण उठतो आणि म्हणतो कीं ही जिंकली गेलेली नाहीं. त्या विकर्णास झापून खालीं बसविणारा कोण? शकुनि नव्हे, दुर्योधन नव्हे, कर्ण. पांच पतींच्या या स्त्रीस 'बंधकी' म्हणणारा, पांडवांचीं आणि तिचीं वस्त्रें काढून घे असें दुःशासनास सांगणारा, तोही कर्णच.

सावंतांनीं हा प्रसंग गाळलेला नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे. परंतु तेथवर पोंचेपर्यंत वाचक इतकीं पानें कर्णाच्या छातींत मुक्काम करून आलेला असतो कीं, त्याच्या हातून दुसऱ्यास झालेली जखमही त्यास कर्णाचीच आणखी एक जखम वाटूं लागते. बोलणाऱ्या सहा जणांत स्त्रिया दोन आहेत. एक त्याची आई, दुसरी त्याची पत्नी. द्रौपदीसाठीं तेथें पाट मांडलेला नाहीं.

आम्हीं स्वतः आजवर कर्णाचा एक ठराविक बचाव करीत आलों आहों. द्रौपदीनें स्वयंवरमंडपांत 'मी सूतास वरणार नाहीं' असें म्हणून त्यास हिणवलें. त्या अपमानाचें हें उट्टें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली व जी १९६६ सालीं पूर्ण झाली, तिच्या मुख्य पाठांत द्रौपदीचें तें वाक्य नाहीं. तें कांहीं हस्तलिखितांपुरतें असल्यामुळें संपादकांनीं तळटीपेंत टाकलें आहे. म्हणजे ज्या एका वाक्यावर आम्हीं द्रौपदीस दोषी धरीत आलों तें बहुधा मागाहून कोणीतरी तिच्या तोंडीं घातलें. आणि तें घालणाऱ्यासही आमच्यासारखाच कर्ण आवडत असावा! बरें, समजा ती तसें म्हणालीही असती. नकार देण्याचा अधिकार स्त्रीस स्वयंवरांत नसेल तर तो असावा तरी कोठें?

योगायोग असा कीं, ज्या १९६७ सालीं 'मृत्युंजय' आली त्याच सालीं इरावती कर्वे यांचें 'युगान्त' आलें. मानवशास्त्राच्या अभ्यासिकेनें कोरड्या डोळ्यांनीं पाहिलेलें तें महाभारत आहे. कर्णाची व्यथा बाईंनीं नाकारली नाहीं, पण त्याच्या रथावरही त्या चढल्या नाहींत. दोन्ही पुस्तकें आमच्या घरीं आहेत. एक आम्हीं तीनदां वाचलें आहे व दुसरें एकदां, आणि कोणतें किती वेळां हें वाचकांस सांगावयास नकोच.

येथें कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे न्यायालय नव्हे. ज्यास जगानें एका शब्दांत निकालांत काढलें त्याच्या मनांत शिरून पाहणें हेंच तर तिचें काम. तेथें जमाखर्चाची वही उघडून बसणारा वाचक अरसिक होय. हा आक्षेप आम्हांस इतका मान्य आहे कीं त्याविरुद्ध लिहितांना लेखणी अडखळते. हरिभाऊ आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः दिली, तेव्हां कथा सांगण्याचें काम त्यांनीं यमूकडे सोंपविलें होतें. जिच्या केशवपनाचा खल घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं करावयाचा, पण जिला स्वतःस काय वाटतें हें विचारण्याची चाल नव्हती, अशा मुलीस त्यांनीं 'मी' म्हणूं दिलें. मराठी कादंबरींतल्या या 'मी'चा याहून थोर उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं. दुसऱ्याच्या जागीं जाऊन रडणें ही नीतीची पहिली पायरी आहे, यांत शंका नाहीं.

पण तोच 'मी' पुढें राजे आणि महारथी यांच्या हातीं गेला, तेव्हां त्याचें काम बदललें. यमू बोलली नसती तर तिची बाजू जगास कळलीच नसती. कर्णाच्या दातृत्वाचा आणि दुर्दैवाचा बोलबाला मात्र कीर्तनांतून, नाटकांतून, म्हणींतून पूर्वींपासून चाललेला होता. मम्मटानें काव्याच्या उपदेशास कान्तेच्या उपदेशाची उपमा दिली आहे. ती उपमा बहुधा कौतुकानें वाचली जाते. पण प्रिय माणसानें कानांत सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा कोण मागतो? पटण्याचें काम आधीं उरकतें, विचार मागाहून येतो. कधीं कधीं येतच नाहीं.

'स्वामी' वाचतांना आम्हांस याचा फार अवघड अनुभव आला. रणजित देसाई यांची ही कादंबरी १९६२ ची. १९६४ सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरांत थेऊर येथें क्षयानें वारले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. आणि कादंबरीही तेथेंच संपते. तीं पानें आम्हीं रात्रीं वाचलीं. दिवा मालवल्यावरही बराच वेळ घसा दाटलेला होता. सकाळीं चहा पुढें आला तेव्हां मनांत आलें, काल आपण नक्की कशासाठीं रडलों? सत्तावीस वर्षांचा कर्ता पुरुष गेला म्हणून, कीं त्याच्या मागें त्याची तरुण स्त्री जिवंत जळाली म्हणून? खरें सांगावयाचें तर या दुसऱ्या गोष्टीचें आम्हांस दुःख झालेंच नव्हतें. तिचा आम्हांस एक प्रकारचा आनंद झाला होता. उदात्त, पवित्र, डोळे भरून आणणारा आनंद. हें ध्यानांत आल्यावर चहा तसाच निवून गेला.

बेंटिंकनें बंगाल इलाख्यांत सतीची चाल १८२९ सालीं बंद केली, हें आम्हीं शाळेंत पाठ केलेलें. राजस्थानांतील देवराळा येथें १९८७ सालीं एक अल्पवयी विधवा पतीच्या चितेवर जळाली, त्यानंतर झालेल्या कायद्यानें सतीचा गौरव करणें हाही गुन्हा ठरविला. तेथें जमलेल्या गर्दीस आम्हीं त्या वेळीं रानटी म्हटल्याचें चांगलें स्मरतें. कादंबरीकारानें घडलेली गोष्ट लिहिली. त्यास पिंजऱ्यांत उभें करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पिंजऱ्यांत कोणी उभें राहावयाचें असेल तर तो त्या रात्रीं दाटलेला आमचा घसा.

'ययाति'ची गोष्ट थोडी निराळी. वि. स. खांडेकर हे 'जीवनासाठीं कला' या पक्षाचे अध्वर्यु; १९५९ सालच्या या कादंबरीस १९६० सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें आणि १९७४ सालचें ज्ञानपीठ मराठींत प्रथम आलें तें त्यांच्याचकडे. येथें ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. म्हणजे सर्वांस पाट मांडलेला आहे. तरीही पुस्तक मिटतांना आमच्या मनांत देवयानीविषयीं कडवटपणा आणि त्या विषयलंपट राजाविषयीं माया उरली. बरें, देवयानीचा अपराध तरी काय? ती गर्विष्ठ आहे, मानी आहे. पण मूळ कथेंत तिला विहिरींत ढकलणारी शर्मिष्ठा; तिच्याशीं लग्न करून तिच्या पाठीमागें शर्मिष्ठेपासून तीन पुत्र होऊं देणारा ययाति; आणि त्याच ययातीनें पुढें आपल्या मुलाचें तारुण्य मागून घेतलें. यावरून असें दिसतें कीं, नुसतें बोलूं दिल्यानें भागत नाहीं. शर्मिष्ठा सोसते म्हणून ती आम्हांस गोड वाटते. देवयानी जाब विचारते म्हणून ती कडू. आमच्या या आवडींत साहित्य किती आणि नवरेपणाची सोय किती, हें आम्हीं आमच्या घरांत मोठ्यानें बोलून दाखविलेलें नाहीं.

ना. सं. इनामदारांच्या 'मंत्रावेगळा'नें मात्र आम्हांस असें कोड्यांत टाकलें नाहीं. दुसऱ्या बाजीरावास त्यांनीं कनवाळूपणानें वागविलें आहे, आणि तें आम्हांस गैर वाटलें नाहीं. बाजीरावावर आरोप करणारे पुष्कळ आहेत, लेखी आहेत आणि मोठ्या आवाजाचे आहेत; इंग्रज अधिकाऱ्यांच्या दप्तरांपासून आमच्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत. त्या गर्दींत एक कादंबरी त्याच्या बाजूनें उभी राहिली तर तराजू थोडा सरळच होतो. अडचण येते ती ज्याच्याविरुद्ध कोणी बोलतच नाहीं, त्याच्यासाठीं आणखी रडावयाचें झालें म्हणजे.

मूळ महाभारत या अडचणींतून कसें सुटलें, हें पाहण्यासारखें आहे. उद्योगपर्वांत कर्ण स्वतःच कृष्णापाशीं कबूल करतो कीं, दुर्योधनास खूष करण्यासाठीं पांडवांस मी कटु बोललों आणि त्याचा आतां मला ताप होतो. पुढें कर्णपर्वांत रथाचें चाक भूमींत रुततें आणि तो अर्जुनास धर्माची आठवण देतो, तेव्हां कृष्ण त्यास विचारतो कीं, द्रौपदीस सभेंत आणलें त्या वेळीं हा धर्म कोठें होता? कर्ण उत्तर देत नाहीं. लाजेनें मान खालीं घालतो. मग तो मारला जातो. आणि स्त्रीपर्वांत त्याच्यासाठीं कुंती रडते, धर्मराजही रडतो. हिशेबाचा प्रश्न विचारून झाल्यानंतरचे ते अश्रु आहेत. आमचे प्रश्नापूर्वींचे होते.

हें सर्व इतक्या उशिरां आम्हांस सुचलें तें आमच्या विद्वत्तेनें नव्हे. त्याचें कारण सांगणें थोडें जिवावर येतें.

आमच्या एका चुलत्यांस सारें आप्तमंडळ कर्ण म्हणत असे. त्यांच्या घरीं वार लावून जेवणारे विद्यार्थी असत. दारीं आलेला रिकामा जात नसे. एका मित्रास ते जामीन राहिले, मित्र बुडाला, आणि राहतें घर विकावें लागलें; पण मित्राविरुद्ध त्यांनीं अवाक्षर काढलें नाहीं. ही कथा आमच्या घरांत प्रत्येक लग्नांत, प्रत्येक श्राद्धास सांगितली जाते. ती सांगतांना पुरुषांचे आवाज जड होतात. आम्हींही ती पुष्कळदां सांगितली आहे, आणि आम्ही ती बरी सांगतों असा लौकिक आहे.

त्या कथेंत आम्ही एक प्रसंग सांगत नसतों. घर जाणार हें नक्की झाल्यावर एका रात्रीं पंगत बसली होती, आणि काकू वाढतां वाढतां एवढेंच म्हणाल्या कीं सही करण्यापूर्वीं मला एकदां विचारायचं होतं. त्यावर चुलत्यांनीं चौदा पंधरा माणसांदेखत त्यांस जो शब्द वापरला तो येथें लिहिण्यासारखा नाहीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. कोणीतरी ताक मागितलें. दुसऱ्या दिवशीं काकूंच्या हातांत पाटल्या नव्हत्या. तो शब्द घरांत पुन्हा कोणीं उच्चारला नाहीं, आणि म्हणून तो विसरला गेला असें आम्ही सर्वजण धरून चाललों. आमचें वय तेव्हां अकरा वर्षांचें होतें. आम्ही त्या पंगतींत होतों.

चुलते जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. काकू ऐंशीच्या पुढें गेल्या आहेत, आणि गेल्या पावसाळ्यांत त्या महिनाभर आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. एका दुपारीं आमचे डोळे शिणले म्हणून पुतणी 'मृत्युंजय'मधला सभेचा भाग आम्हांस वाचून दाखवीत होती. काकू दाराशीं बसून बिरड्याचे वाल सोलीत होत्या. त्या ऐकत असतील असें आम्हांस वाटलें नव्हतें. तो भाग संपला तेव्हां त्या पुतणीस म्हणाल्या,

"तिचं काय म्हणणं होतं, ते नाहीं का गं त्यांत?"

"नाहीं, आजी. ती नाहीं बोलत यांत."

"असं होय," असें म्हणून काकूंनीं सालें परडींत भरलीं आणि त्या आंत गेल्या.

पाय बरा झाल्यावर पुस्तकें वाचनालयांत परत गेलीं. या दिवाळींत सारीं भावंडें जमलीं असतां जेवणें झाल्यावर कोणीतरी चुलत्यांची गोष्ट काढली आणि नेहमींप्रमाणें सर्वजण आमच्याकडे पाहूं लागले. आम्ही म्हटलें, आज घसा बरा नाहीं. दुसऱ्या कोणीं ती सांगितली, ठीक सांगितली. काकू कोपऱ्यांत सुपारी कातरीत होत्या. मंडळी पांगल्यावर आम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसलों आणि म्हटलें, "काकू, त्या रात्रीं पंगतींत मी होतों."

काकूंचा अडकित्ता थांबला. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. तूं खांबाशेजारीं बसला होतास. आतां कशाला रे काढतोस ते?"

आम्ही म्हटलें, "तुमच्या तोंडून कधीं ऐकलं नाहीं म्हणून."

त्यांनीं थोडा वेळ उत्तर दिलें नाहीं. मग दार लोटून घ्यावयास सांगितलें, आणि पहांटे नळास पाणी येईपर्यंत त्या बोलत होत्या. त्यांनीं काय सांगितलें तें येथें लिहिण्याची परवानगी आम्हीं त्यांच्यापाशीं मागितलेली नाहीं.